गहू साठ किलो, पण दळण कुठंय?

ताई, पुण्यात सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मी, बायको, कॉलेजातली मुलगी आणि माझी आई. माझं वय बावन्न, नोकरी बँकेत. २०२० च्या लॉकडाउनपासून मला सामान भरून ठेवायची सवय लागली आहे. कुठं युद्धाची बातमी आली, कसली निर्यातबंदी कानावर पडली, की मी गाडी काढतो आणि मार्केट यार्डात भुसार बाजार गाठतो. आजमितीला घरात साठ किलो गहू, पन्नास किलो तांदूळ, तीस लिटर तेल आहे. डाळी किती, ते मलाच माहीत नाही. पलंगातले कप्पे भरले, माळा भरला, आता ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनला लागून पिंप ठेवलंय. बायको म्हणते, घर आहे की रेशनचं गोदाम? आईला मात्र बरं वाटतं. बहात्तरच्या दुष्काळात तिनं करमाळ्याकडं खडी फोडली आहे. गेल्या आठवड्यात पिंपातल्या गव्हाला टोके लागलेले दिसले, तेव्हापासून घरात अबोला आहे. गावाकडचा भाऊ पिंपात टाकायच्या गोळ्या आणून देतो म्हणतोय. खरं सांगतो, २०२० च्या जुलैत दुकानं बंद झाली तेव्हा आईची रक्तदाबाची गोळी संपली. मेडिकल उघडं होतं, पण तिच्या कंपनीची गोळी चार दुकानं फिरूनही मिळाली नाही. गहू होता, पण गिरणी बंद म्हणून पीठ नव्हतं. तेव्हाची धास्ती अजून गेलेली नाही. माझं चुकतंय का? माणसानं साठवावं तरी किती?

— एक साठेबाज (बायकोच्या मते)

*

नमस्कार,

आधी ती सही खोडा. साठेबाज म्हणजे भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणारा. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार साठ्यावर मर्यादा घालतं ती व्यापाऱ्यांना, गिरणीमालकांना, मोठ्या दुकानसाखळ्यांना. तुमच्या पलंगावर कुणी धाड घालणार नाही. तुमच्या बायकोची तक्रारही कायद्याची नसावी. पलंगात तांदूळ गेल्यावर रजया कुठं गेल्या, एवढंच तिला विचारायचं असेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा शेवटाकडून. त्या जुलैत तुमच्या घरात काय संपलं ते तुम्हीच लिहिलंय. गोळी संपली आणि पीठ संपलं. गहू तेव्हाही होता. आणि तेव्हापासून तुम्ही यार्डातून काय आणताय? गहू! धास्ती खरी आहे हो, पण ती भलत्याच पिंपात भरली जातेय.

ती जुलै मलाही आठवते. १० तारखेला घोषणा झाली, १४ ते २३ लॉकडाउन, त्यातले पहिले पाच दिवस दूध आणि औषधं सोडून जवळपास सगळं बंद. मधल्या तीन दिवसांत पुणेकरांनी दुकानांवर जी झुंबड केली, तिच्यात मीही होते. मार्चमध्ये तर माझा भाचा रात्री आठचं भाषण संपायच्या आत कोपऱ्यावरच्या दुकानात पोचला होता. मोठ्या शौर्यानं परत आला तो आठ किलो रवा घेऊन, कारण फळीवर तेवढंच उरलं होतं. दोन महिने आम्ही उपमा, शिरा, रव्याचे लाडू, रव्याचा डोसा असं सगळं केलं. जूनमध्ये एका सकाळी डब्यात चमचा घातला तर रव्याचा गोळाच वर आला. सुटा रवा नाही, जाळ्यात गुंफलेला, चमच्याखाली लोंबणारा. त्यात एक पांढुरकी अळी अगदी सावकाश वर चढत होती. तीन किलो रवा टाकून दिला. आमच्या घरात आठवड्याला जेमतेम पाव किलो रवा लागतो, हे गणित आठ किलो आणताना कुणी केलं नव्हतं.

तेव्हा आता तुमचं गणित करू. रेशनवर सरकार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य देतं. तोच हिशोब धरला तर चौघांना महिन्याचे वीस किलो झाले. तुमच्याकडे गहू-तांदूळ मिळून एकशे दहा, म्हणजे साडेपाच महिने. पण बँकेत बसणारे तुम्ही, वजनाला जपणारी कॉलेजातली मुलगी आणि पंचाहत्तरीच्या पुढची आई एवढं खात असाल असं मला वाटत नाही. माझ्या अंदाजानं हा साठा सात-आठ महिन्यांचा आहे. चौघांना महिन्याला तीन लिटर तेल धरलं तर तीस लिटर दहा महिने पुरेल. आज पिशव्या उलटून तारखा बघा. निम्म्या तरी त्याआधी उलटणार.

पूर्वी लोक वर्षाचं भरत नव्हते का, असं तुमच्या मनात येईल. भरत होते. चैत्र-वैशाखात नवा गहू आला, भाव उतरला, की भरायचा. पण नुसता आणून ओतायचा नाही. गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्यायची, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मग सावलीत निववायचा आणि कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालून कोठीत भरायचा. गरम गहू भरला तर झाकणाला आतून घाम येतो आणि वरचा थर बुरसतो. शिवाय घरात दहा-बारा माणसं, येणारं-जाणारं वेगळं, त्यामुळे कोठीचा तळ वर्षाच्या आत दिसायचा. तुमच्या पिंपाचा तळ तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

आणि जागा तरी कोणती निवडलीत! बिल्डरांनी नाव ठेवलंय ड्राय बाल्कनी, पण पुण्यातल्या कुठल्याही फ्लॅटमधली सगळ्यात ओली जागा तीच. मशिनची वाफ, धुण्याचं पाणी, जाळीतून येणारी पावसाची झड. टोक्यांना दमटपणा आणि ऊब एवढंच लागतं. त्यांचा दोष नाही.

आता गोळ्यांचं. इथं मी गमतीत बोलत नाहीये, म्हणून भावाला आजच फोन करा आणि नको म्हणून सांगा. गावाकडे धान्यात टाकायच्या म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्या बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. धान्यातले किडे त्यानंच मरतात आणि बंद खोलीतली माणसंही त्यानंच मरतात. त्यावर उतारा नाही. मोठ्या गोदामात, प्रशिक्षित माणसांनी, दारं सीलबंद करून वापरायची ती वस्तू आहे. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, जिथं रात्री खिडक्या लावून चार माणसं झोपतात, तिथं एक गोळीसुद्धा नको. पाऱ्याच्या टिकड्या नकोत आणि बोरिक पावडरही नको. एरंडेलाचा हात चालेल.

जुनी माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा सावध होती. जमिनीत पेव खणून ज्वारी ठेवायचे, आणि पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची. घाईनं उतरलेला माणूस आतच बेशुद्ध पडल्याच्या गोष्टी मी सासरी ऐकल्या आहेत.

मग त्या गव्हाचं करायचं काय? हॉलमध्ये जुनं लुगडं नाहीतर चादर अंथरा आणि पिंप पालथं करा. सगळं, तळापर्यंत. मूठभर गहू नाकाशी धरा. कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटले असतील, हिरवट-काळी बुरशी दिसली, तर तेवढा भाग सरळ फेका. पक्ष्यांनाही घालू नका. नुसते टोके असतील तर घाबरायचं कारण नाही. चाळा, पाखडा, ऊन पडलं तर दाखवा, नाहीतर पंख्याखाली पसरून ठेवा. पोखरलेले दाणे हलके असतात, सुपात आपोआप पुढं येतात. साफ झालेला गहू पुन्हा भरायच्या भानगडीत पडू नका, पंधरा किलो दळून आणा आणि खायला लागा. तोवर पिंप धुऊन, कोरडं ठणठणीत करून आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब, पाटावर ठेवा.

जो गहू अजून स्वच्छ आहे, त्यातला दहा-पंधरा किलो घरकामाच्या मावशींना विचारून देऊन टाका. आत्ता द्या. टोके लागल्यावर देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि ती मला आवडत नाही.

बातम्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुमची गाडी बातमीवर सुटते. २० जुलै २०२३ ला भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी दुकानांत सोना मसुरीच्या गोण्यांसाठी रांगा लावल्या, ते समजू शकतं. त्यांचा तांदूळ इथून जातो. पण निर्यातबंदी असते ती देशातला माल देशात राहावा म्हणून. ती ऐकून पुण्यातला माणूस यार्डाकडे पळाला, तर त्यानं बातमी उलटी वाचली. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ च्या अखेरीस, इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. ती बातमी मात्र आपली होती, कारण खाद्यतेलातला निम्म्याहून जास्त वाटा आपण बाहेरून आणतो. पण ती बंदीही महिन्याच्या आत उठली. तेव्हा दोन-तीन लिटर जास्तीचं तेल घरात असणं शहाणपणाचं, तीस लिटर नाही.

आणि काही बातम्या तर बातम्याच नसतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपणार अशी आवई उठली. एवढा समुद्रकिनारा असलेला देश, आणि लोकांनी काही ठिकाणी मिठाला किलोमागं दोनशे-दोनशे रुपये मोजले. दुकानदाराची फळी रोजच्या गिऱ्हाइकाच्या हिशोबानं भरलेली असते. सगळ्यांनी एकाच संध्याकाळी दुप्पट उचललं की ती रिकामी होते, रिकामी फळी पाहून मागचा माणूस तिप्पट उचलतो. म्हणून भरायचं ते शांत दिवसांत, महिन्याच्या यादीला थोडंथोडं जोडून. धावपळीच्या दिवशी यार्डात जाऊच नका. तुमच्यासारख्याची तिथं गरजही नसते.

किती साठवावं, हा तुमचा मूळ प्रश्न. चालू महिना सोडून आणखी एक महिन्याचं, बस. तेही घरात रोज जे शिजतं तेच. पिशवीवर मार्करनं महिना लिहा, नवी मागं, जुनी पुढं. ओट्स, पास्ता, पाकिटातली सुपं संकटकाळासाठी म्हणून आणू नका. संकटात तुमची आई पास्ता खाणार नाही.

आता पिठाकडे या. दळणात आठ-दहा दिवसांचं पीठ कायम शिल्लक असलं पाहिजे, डबा खडखडला की मग गिरणीत जायचं ही सवय मोडा. गव्हाचं पीठ कोरड्या डब्यात महिनाभर आरामात राहतं. ज्वारीचं पंधरा दिवसांत संपवा. बाजरीचं तर आठवड्यातच कडू व्हायला लागतं, ते साठवायच्या भानगडीत पडूच नका. घरघंटी घेऊ का, असं विचाराल. घ्या हवी तर, पण ती विजेवर चालते.

आणि वीज गेली तर काय, हा तुमच्या रस्त्यावर राहणाऱ्यानं विचारायचा प्रश्न आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि एकतानगरीत तळमजले बुडाले. तुमच्यापासून ते फार लांब नसावं. चौथ्या मजल्यावर पाणी येणार नाही, मान्य. पण मीटरची खोली खाली असते. ती भिजली की लिफ्ट बंद, वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद, पाण्याचा फिल्टर बंद, इंडक्शन आणि मिक्सर बंद. त्या वेळी पिंपातला साठ किलो गहू तुमच्याकडे नुसता बघत बसेल. तेव्हा लागतं प्यायचं पाणी. चौघांना पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला बारा-पंधरा लिटर धरा, तीन दिवसांचे छत्तीस ते पंचेचाळीस. पावसाळ्याचे दिवस झाकणाच्या कळशा आणि कॅन भरलेले ठेवा, दोन दिवसांआड पाणी बदला, आधीचं झाडांना घाला. गुरुवारी पाणी बंद असल्याच्या सूचना येतातच, त्या दिवशी या साठ्याची परीक्षा घ्या. खायला पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, आणि मेतकूट. गॅस असेल तर मऊ भात, मेतकूट, तूप. असं जेवण मी संकट नसतानाही करते. शेंगदाणे मात्र किलोभरच आणा, पावसाळ्यात ते खवट होतात आणि बुरशी धरलेला दाणा पोटात जाऊ देऊ नये.

एक भरलेला सिलिंडर बाजूला. टॉर्च. संपलं.

नाही, औषध राहिलं, आणि खरं तर तेच पहिलं. आईच्या डॉक्टरांकडे जा आणि त्या गोळीत औषध कोणतं आहे, किती मिलिग्रॅम, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या. कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं नाव. तेच औषध बहुधा आणखी चार-पाच कंपन्या बनवतात. बदलून घेतलं तर चालेल का, हे आजच विचारून ठेवलंत तर पुढच्या वेळी चार दुकानं पालथी घालावी लागणार नाहीत. एक महिन्याची जास्तीची पाकिटं घरात, आणि चिठ्ठीचा फोटो मुलीच्या फोनमध्येही असू द्या.

तुम्ही बहात्तरचा उल्लेख केलात म्हणून माझ्या आजोळची एक गोष्ट सांगते. नारायण पेठेत तळमजल्यावर घर. वैशाखात वर्षाचा गहू भरून झाला होता, पत्र्याच्या दोन मोठ्या कोठ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. घरातली सगळी माणसं वेळेत बाहेर पडली, कोठ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर आजी परत आली तर घरभर हातभर चिखल, आणि आंबूस वास. गहू पाणी पिऊन इतका फुगला होता की एका कोठीची शिवण उसवून बाहेर आला होता. खडकवासल्याचं धरणही गेलेलं, त्यामुळे गावात पुराचं पाणी सगळीकडे आणि नळाला थेंब नाही. आजी पुढची पंचवीस वर्षं जगली, पण पुन्हा सगळं धान्य एका जागी तिनं कधी ठेवलं नाही. थोडं माळ्यावर, थोडं धाकट्या जावेकडे कोथरूडला. तेव्हा कोथरूड म्हणजे गाव होतं.

तुमच्या आईची गोष्ट वेगळी आहे. बहात्तरला त्यांच्याकडे साठवायला काही नव्हतंच. शेतात पीक नाही, हातात पैसा नाही. खडी फोडल्यावर जे मिळालं त्यात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि पोरांच्या वाट्याची सुकडी. त्यांना भरलेलं पिंप बघून बरं वाटतं, ते खोटं नाही. म्हणून सगळं काढून टाकू नका. दहा-बारा किलोची एक छोटी कोठी त्यांच्या खोलीत, त्यांच्या नजरेसमोर ठेवा आणि ती मालदांडी ज्वारीनं भरा. कधी काढायची, कधी पाखडायची, कधी भरायची, ते त्या ठरवतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ज्वारीचा दाणा हातावर घेऊन त्या जे सांगतील ते मी तुम्हाला दहा पत्रांत सांगू शकणार नाही.

पिंप पालथं करायचं काम या रविवारी करा. एकट्यानं होत नाही ते. चादरीची दोन टोकं दुसऱ्या कुणाला तरी धरावी लागतात. अबोला असला तरी चादर धरता येते.

तुमची,
ताई

ता. क. डाळी किती आहेत ते मलाच माहीत नाही, असं लिहिलंत. बायकोला विचारा. तिला डबा न उघडता माहीत असेल.